साखर गेल्यावर काय उरतं? घरच्या बिअरमध्ये अमृत कोकम आणि इतर सिरपं

अमृत कोकम जिभेवर टेकलं की आधी गोड लागतं, मग आंबट, आणि सगळ्यात शेवटी येते ती रातांब्याच्या सालीची तुरट, किंचित मातकट चव. बिअरमध्ये तेच सिरप ओतलं की यातली पहिली चव आठवड्याभरात गायब होते. यीस्टला फळाशी काही देणंघेणं नसतं. ते साखर खातं, तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं आणि बाकीचं तुमच्यासाठी ठेवून देतं. म्हणून सिरप निवडताना सरबताची चव डोळ्यांसमोर ठेवली तर हमखास फसायला होतं. निवड करायची ती साखर काढून टाकल्यावर उरणाऱ्या चवीवरून.

हा लेख पहिल्यांदाच सिरप वापरणाऱ्यांसाठी आहे. साधी बिअर एकदा तरी लावून झालेली असेल तर उत्तम. नसेल तरी खालच्या पायऱ्यांनी जमेल. मुख्य उदाहरण अमृत कोकमाचं घेतलं आहे, कारण न्यू जर्सीतल्या एडिसनपासून लंडनच्या वेम्बलीपर्यंत भारतीय वाणसामानाच्या दुकानांत ते मिळतं आणि आंबट बिअरशी त्याचं छान जमतं.

आधी कायदा. अमेरिकेत १९७८च्या संघीय कायद्यानंतर घरापुरती बिअर करता येते: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. विक्री दोन्हीकडे चालत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांसाठी शेवटचा, ग्लासातल्या प्रयोगाचा भाग आहे. तो विकतच्या बिअरवर करता येतो.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

घटकपदार्थांच्या यादीत चार गोष्टी शोधायच्या.

पहिली साखर. सिरपात वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के साखर असते. ६५ टक्क्यांच्या सिरपाचा एक लिटर सुमारे १.३ किलो भरतो आणि त्यात जवळजवळ ८५० ग्रॅम साखर असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

दुसरी संरक्षकं. ती लेबलावर आयएनएस क्रमांकाने (खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्यांचा क्रमांक) लिहिलेली असतात. आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आपल्याकडे ज्याला केएमएस म्हणतात. नवशिक्यांचा यावरून दोन टोकांचा गैरसमज असतो. काहींना वाटतं, संरक्षक असलं की यीस्ट मरणार. काहींना वाटतं, संरक्षक आहे म्हणजे आंबणं थांबेल आणि गोडवा टिकेल. दोन्ही चूक. सिरपात किलोमागे ६०० मिलिग्रॅम बेंझोएट असलं, तरी लिटरभर सिरप १९ लिटर बिअरमध्ये गेल्यावर ते लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास येतं. जोमात असलेल्या यीस्टला एवढ्याने फार तर सुस्ती येते, ते थांबत नाही. बिअर जितकी आंबट, तितका बेंझोएटचा जोर वाढतो एवढं खरं. केएमएसचा त्रास वेगळा: त्यातल्या गंधकापासून यीस्ट सडक्या अंड्याचा वास तयार करू शकतं. हा वास बहुतेक वेळा आठवड्याभरात उडून जातो.

सॉर्बेटच्या बाबतीत एक अपवाद आहे. जिवंत लॅक्टिक जिवाणू असलेल्या आंबट बिअरमध्ये सॉर्बेटचं सिरप घालू नका. हे जिवाणू सॉर्बिक आम्लाचं रूपांतर करतात आणि बिअरला जिरॅनियमची पानं चुरडल्यासारखा वास येतो. तो जात नाही. अख्खी बॅच ओतून द्यावी लागते.

तिसरी गोष्ट रंग आणि इसेन्स. आयएनएस १२२ किंवा १२४ दिसलं तर रंग कृत्रिम आहे. इसेन्स साखरेबरोबर जात नाही. उलट साखरेचं पांघरूण निघाल्यावर तो जास्तच उघडा पडतो आणि बिअर खोडरबरासारखी लागते. यादीत फळ दुसऱ्या क्रमांकावर हवं आणि इसेन्स मुळीच नको.

चौथी गोष्ट फक्त कोकमाची: बऱ्याच बाटल्यांत मीठ आणि जिरं असतं. मीठ चालतं, पुढे त्याचा फायदाच करून घेऊ. जिरं मात्र बिअरमध्ये फोडणीसारखं पुढे येतं. बिनजिऱ्याची बाटली शोधा.

अर्ध्या लिटरची चाचणी

सिरपाचा १९ लिटरवर जुगार खेळण्याआधी ही चाचणी करा. एक हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचनळी), एक वजनकाटा आणि आठवडाभराचा धीर लागतो.

५० ग्रॅम सिरप आणि उकळून गार केलेलं ४५० ग्रॅम पाणी नीट मिसळा. २० अंश सेल्सिअसला हायड्रोमीटर सोडा. समजा वाचन १.०२६ आलं. दशांशानंतरचे २६ गुण. त्यांना ४ने भागलं की ६.५. मिश्रण दहापट पातळ आहे, म्हणजे मूळ सिरपात ६५ टक्के साखर. वाचन १.०२० आलं तर ५० टक्के. मीठ असलेल्या सिरपात मात्र हायड्रोमीटर खोटं बोलतो, कारण मीठही पाणी जड करतं: मिश्रणात एक टक्का मीठ असेल तर सात गुण फुकट वाढतात. अशा वेळी लेबलावरचा साखरेचा आकडा धरा.

हे पाणी फेकू नका. त्यात चमचाभर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) अर्काची पूड घाला (नुसत्या साखरेवर यीस्ट उपाशी राहतं), पाव चमचा कोरडं एल यीस्ट (बिअरचं नेहमीचं यीस्ट) टाका, निर्जंतुक बाटलीत भरून एअरलॉक लावा, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप. शेजारी दुसऱ्या बाटलीत साध्या साखरेच्या पाण्याचं असंच मिश्रण ठेवा. २४ ते ४८ तासांत दोन्हींत बुडबुडे आले तर सिरप वापरण्याजोगं आहे. फक्त साखरेच्या बाटलीत आले आणि सिरपाची बाटली गप्प राहिली तर संरक्षक जास्त आहे. ते सिरप फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) न घालता ग्लासासाठी ठेवा. दोन्ही गप्प असतील तर यीस्टच मेलेलं आहे.

सहा-सात दिवसांनी बुडबुडे थांबले, गाळ खाली बसला की वरचं पाणी चाखा. कोरडं, आंबट, पातळ लागेल. हीच तुमच्या सिरपाची खरी चव. चांगल्या अमृत कोकमात इथेही सालीचा वास आणि तुरटपणा राहतो. काही ब्रँडांत फक्त सायट्रिक आम्लाचा टोचरा आंबटपणा उरतो, लिमलेटची गोळी पाण्यात विरघळवल्यासारखा. त्या बाटल्यांचं सरबत करून पाहुण्यांना द्या.

बिअर कुठली घ्यायची

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, आणि ही रंगद्रव्यं आम्लावर जगतात. पीएच ३.५च्या खाली ती लालभडक दिसतात. नेहमीच्या बिअरचा पीएच ४.२ ते ४.६ असतो, तिथे तोच रंग फिकटतो आणि चहाच्या पाण्याकडे झुकतो. चवीचंही तसंच. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा आणि कोकमाचा आंबट-तुरटपणा एकमेकांवर चढले की घशाशी धातूसारखी चव येते. आयपीएत, म्हणजे भरपूर हॉप्सच्या कडू बिअरमध्ये, कोकम घालायचा मोह आवरा. काळ्या, भाजक्या माल्टच्या स्टाउटमध्येही नको.

हलकी, फिकी, कमी कडू, गव्हाची आणि आंबट बिअर हवी. आंबटपणासाठी पूर्वी जिवाणू वापरून वर्ट (माल्टचं न आंबलेलं गोड पाणी) दोन दिवस कोमट ठेवावं लागे. आता लालमांड कंपनीचं फिली सावर हे यीस्ट मिळतं. ते आंबवता आंबवता स्वतःच लॅक्टिक आम्ल तयार करतं आणि पीएच ३.२ ते ३.५पर्यंत आणतं. जिवाणूच नसल्यामुळे जिरॅनियमची भानगडही नाही. नवख्यांनी हाच रस्ता धरावा.

सामान आणि पहिला दिवस

शेवटी १९ लिटर बिअर हवी आहे, म्हणून मूळ वर्ट १८ लिटर करायचं आणि लिटरभर जागा सिरपाला सोडायची.

- गव्हाच्या माल्टच्या अर्काची पूड १.६ किलो
- हॅलरटाउ हॉप्स (४ टक्के अल्फा आम्ल, म्हणजे कडूपणा देणारं द्रव्य) २५ ग्रॅम
- फिली सावर यीस्ट, ११ ग्रॅमचं एक पाकीट
- अमृत कोकम १ लिटर, मिठाचं कोकम आगळ २०० मिली
- २५ लिटरचा झाकणाचा फर्मेंटर, एअरलॉक, हायड्रोमीटर, सायफन, औषधाची ५ मिलीची सिरिंज
- स्टार सॅन किंवा तसंच न धुता चालणारं निर्जंतुक द्रावण

लिटरभर सिरपातली ८५० ग्रॅम साखर १९ लिटरमध्ये ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवरचं वाचन) साधारण १७ गुणांनी वाढवते, म्हणजे सव्वादोन टक्के अल्कोहोल. म्हणून माल्ट मुद्दाम कमी घेतला आहे. नेहमीच्या पाच टक्क्यांच्या किटमध्ये वरून लिटरभर सिरप ओतलं तर सात टक्क्यांची, पातळ आणि घशाला जळजळीत लागणारी बिअर होते. सिरप हा वरचा मसाला समजू नका, तो कृतीतल्या साखरेतच धरायचा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर आदल्या रात्री अर्धी कॅम्पडन गोळी कुस्करून घाला, नाहीतर बिअरला जखमेवरच्या औषधासारखा वास येतो. (कॅम्पडन म्हणजे मेटाबायसल्फाइटच, केएमएसचा भाऊ.)

९ लिटर पाणी तापवा. उकळी येण्याआधी गॅस बंद करून माल्टची पूड ओतत ढवळा. चालू गॅसवर ओतली तर वाफेने पाकिटाच्या तोंडाशीच गोळे होतात आणि तळाला करपते. पुन्हा उकळी आणा. फेस भराभर वर चढेल, पातेल्याजवळून हलू नका. हॉप्स टाकून ३० मिनिटं उकळा. एवढ्या हॉप्सने कडूपणा १० आयबीयूच्या (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक) आत राहतो. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा, फर्मेंटरमध्ये ओता, उकळून गार केलेलं पाणी घालून १८ लिटर करा. तापमान २२ ते २४ अंशांवर आलं की ग्रॅव्हिटी मोजा, १.०३२च्या आसपास यायला हवी. यीस्ट वरून भुरभुरवा, झाकण आणि एअरलॉक लावा. खोली २० ते २५ अंशांत ठेवा. त्याहून थंडीत आंबटपणा मनासारखा येत नाही.

उकळी संपल्यानंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. सिरपाच्या प्रयोगात हे जास्तच पाळायचं, कारण आपण मध्येच झाकण उघडणार आहोत.

सिरप घालायचा दिवस

उकळताना का घालायचं नाही? उकळीत वास उडतो, फळातलं पेक्टिन सुटून बिअर कायमची गढूळ होते, आणि यीस्टला सुरुवातीलाच सोपी साखर मिळाली की ते माल्टची साखर खायचा कंटाळा करू शकतं. शिवाय पहिल्या दिवसांत जोरात निघणारा वायू फळाचा उरलासुरला गंधही बरोबर घेऊन जातो.

सहाव्या-सातव्या दिवशी ग्रॅव्हिटी मोजा. १.०१०च्या खाली आली असेल तर सिरप घाला. नसेल तर आणखी दोन दिवस थांबा.

आता ज्यावर बहुतेकांची बॅच अडते तो भाग. सिरप बिअरपेक्षा खूप जड असतं. सरळ ओतलं की ते काठाने घसरत तळाशी जातं आणि यीस्टच्या गाळावर मधासारखा थर करून बसतं. वरून नमुना काढून मोजलं की ग्रॅव्हिटी कमी दिसते आणि तुम्हाला वाटतं, सगळं आंबून झालं. बाटल्या भरताना सायफन तो तळचा थर ओढतो आणि शेवटच्या बाटल्यांत भरमसाट सिरप जातं. या बाटल्या फुटतात.

म्हणून निर्जंतुक भांड्यात फर्मेंटरमधली लिटरभर बिअर सायफनने काढा, त्यात सिरप हलक्या हाताने मिसळा आणि हे पातळ झालेलं मिश्रण हळूहळू, पृष्ठभागाजवळून फर्मेंटरमध्ये सोडा. मग लांब चमच्याने तळापासून चार-पाच वेळा सावकाश फिरवा. फेटू नका, हवा मिसळली की रंग तपकिरी होतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. मिश्रण पडताच फेस उसळतो. २५ लिटरचा फर्मेंटर त्यासाठीच सांगितला. २० लिटरच्या भांड्यात हाच फेस एअरलॉकमधून बाहेर येऊन जमिनीवर लाल डाग पाडतो.

विकतची नवी बाटली असेल तर सिरप तापवायची गरज नाही. झाकण आणि तोंड निर्जंतुक द्रावणाने पुसा. घरचं सिरप, विशेषतः बरणीत साल आणि साखर घालून उन्हात मुरवलेलं अमृत कोकम, रानयीस्ट घेऊन येतं. ते ७५ अंशांवर १० मिनिटं ठेवा, झाकून गार करा, मग घाला. उकळू नका.

काही तासांत बुडबुडे पुन्हा सुरू होतील. दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच झालं नाही तर खोली २४ अंशांवर न्या आणि चमचा पुन्हा एकदा फिरवा.

आगळ, मीठ आणि गोसं

सिरपाची मूळ अडचण अशी की फळ थोडं आणि साखर ढीगभर. कोकमाची चव वाढवायला आणखी अर्धा लिटर सिरप घातलं तर अल्कोहोल वाढतो, चव तेवढी वाढत नाही. इथे आगळ कामाला येतं. आगळ म्हणजे कोकमाचा मिठात टिकवलेला रस, साखर जवळजवळ नाहीच. फळाची चव त्यात दाट, आणि यीस्टला खायला फारसं काही नाही.

मिठाची भीती नको. जर्मनीत गोस्लार आणि लाइपझिग या शहरांशी नातं सांगणारी गोसं नावाची जुनी बिअर आहे: गव्हाची, आंबट, धणे आणि मीठ घातलेली. १९ लिटरला १५ ते २० ग्रॅम मीठ हे घरगुती गोसंचं नेहमीचं प्रमाण. म्हणजे सोलकढीसाठी आणलेली आगळाची बाटली गोसंच्या कृतीत जणू ठरवून बसते. आगळात मीठ किती ते ब्रँडप्रमाणे बदलतं. लेबलावर सोडियम दिलेलं असेल तर त्याला २.५ने गुणा, मिठाचा अंदाज येतो.

प्रमाण ग्लासात ठरवा. सिरप आंबून झालं की १०० मिली बिअरचे चार ग्लास भरा आणि सिरिंजने अनुक्रमे ०.२५, ०.५, १ आणि १.५ मिली आगळ घाला. क्रमाने चाखा, मध्ये पाणी प्या. ज्या ग्लासात मीठ ‘खारट’ म्हणून जाणवत नाही पण तोंडाला पाणी सुटतं, तो तुमचा. १०० मिलीला १ मिली म्हणजे १९ लिटरला १९० मिली. आगळात फळाची स्वतःची थोडी साखर असू शकते, म्हणून ते बाटल्या भरण्याच्या किमान तीन दिवस आधी घाला.

गोसंच्या वाटेने जायचं तर उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत १५ ग्रॅम ताजे भरडलेले धणे घालता येतात. पहिल्या बॅचला आमचं मत, घालू नका. कोकम एकटं कसं लागतं ते आधी कळू द्या.

बाटल्या भरणं

चौदाव्या-पंधराव्या दिवशी ग्रॅव्हिटी मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. वाचन तंतोतंत तेच आलं तरच बाटल्या भरा. अमृत कोकमातल्या मिठामुळे आणि आगळामुळे वाचन एखाद-दोन गुण वर असेल. आकडा किती आहे यापेक्षा तो हलत नाही ना, हे महत्त्वाचं. आधी दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये १ ते ४ अंशांवर ठेवता आलं तर गाळ छान बसतो.

फसफस आणण्यासाठी १९ लिटरला १२० ग्रॅम साधी साखर पुरते. ती पाव लिटर पाण्यात उकळून गार करा, बाटली भरण्याच्या बादलीत आधी ओता आणि त्यावर बिअर सायफनने सोडा.

साखरेऐवजी सिरपच वापरावं असं प्रत्येकाच्या मनात येतं. वापरता येतं, पण हिशेबाने. १२० ग्रॅम साखर म्हणजे ६५ टक्क्यांचं १४० मिली सिरप, संपूर्ण १९ लिटरला. ३३० मिलीच्या एका बाटलीच्या वाट्याला जेमतेम अडीच मिली येतं, म्हणजे अर्धा छोटा चमचा. आता ‘थोडा गोडवा राहू दे’ म्हणून कोणी त्या बाटलीत दोन मोठे चमचे, ३० मिली सिरप घातलं तर काय होतं? त्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे लिटरला ७५ ग्रॅम. दर लिटरला ४ ग्रॅम साखरेतून बिअरच्या आकारमानाएवढा वायू निघतो. ७५ ग्रॅममधून जवळजवळ १९ पट. साधी बिअरची बाटली तीन-साडेतीन पटींपर्यंत तग धरते. उरलेल्याचं काय होतं ते कपाटाच्या दारात रुतलेल्या काचा सांगतात. संरक्षकामुळे हे टळेल यावर विसंबू नका; त्याचा हिशेब वर केलाच आहे.

एक बाटली काचेऐवजी सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरा. ती दाबून टणक लागली की बाकीच्याही तयार. दगडासारखी झाली तर सगळ्या लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि गार झाल्यावर, टॉवेल गुंडाळून, एकेक उघडा. एरवी २० ते २२ अंशांवर, अंधारात दोन आठवडे. उजेडात रंग आधी जातो.

इतर फळं

जांभूळ: रंग देखणा, पण टॅनिन भरपूर. साखर गेल्यावर जीभ ओढली जाते. १९ लिटरला अर्ध्या लिटरने सुरुवात करा आणि बाटल्यांना दोनऐवजी सहा आठवडे द्या. टॅनिन हळूहळू मवाळ होतं. परदेशात सिरपापेक्षा गोठवलेला गर सहज मिळतो. अर्धा किलो गर आणि पाव किलो साखर ७५ अंशांवर १० मिनिटं ठेवली की काम झालं.

करवंदात पेक्टिन इतकं की सिरप थंडीत जेलीसारखं थरथरतं. बिअर गढूळ राहणार. पेक्टिक एन्झाइम पाकिटावरच्या मात्रेत आदल्या दिवशी थेट गार सिरपात घाला. गरम सिरपात ते निकामी होतं. गढूळपणाचं वावडं नसेल तर काहीच करू नका, चवीत फरक पडत नाही.

कैरीच्या पन्ह्याच्या तयार अर्कात बहुधा वेलची आणि कधी केशर असतं. उकडलेल्या कैरीचा आंबटपणा छान टिकतो, पण साखर गेल्यावर वेलचीच वेलची लागते. गुळाचं पन्हं असेल तर रमसारखी छटा येते, ती गव्हाच्या बिअरपेक्षा तपकिरी एलमध्ये शोभते.

आवळा पहिल्या वर्षी टाळा. त्याचा तुरटपणा साखरेविना सोसवत नाही.

‘शुगर फ्री’ सिरपांत सुक्रालोज असतं. यीस्टला ते खाता येत नाही, त्यामुळे गोडवा राहतो आणि बाटलीही फुटत नाही. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात दुसऱ्या घोटापासून ती गोडी टाळूला चिकटून बसते.

गोड हवीच असेल तर

बर्लिनकरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. बर्लिनर वाइसं ही तिथली आंबट बिअर पसरट, बोलसारख्या ग्लासात येते आणि सिरपाचा ‘शूस’, म्हणजे एक धार, ग्लासातच घालतात: रास्पबेरीचं लाल किंवा वाल्डमाइस्टर या रानवनस्पतीचं हिरवं. सिरप यीस्टच्या तावडीत सापडतच नाही.

घरीही असंच करा. ग्लासात आधी १५ ते २० मिली सिरप घाला, मग ३०० मिली थंडगार बिअर कडेने ओता. उलट केलं, म्हणजे बिअरवर सिरप ओतलं, तर फेस एकदम उसळतो आणि सिरप तळाशी तसंच राहतं. पुण्या-मुंबईतल्या वाचकांनी विकतच्या गव्हाच्या बिअरवर हे करून पाहावं. ती आंबट नसते, म्हणून सिरप १० मिलीवर आणा आणि पाच-सहा थेंब आगळ घाला. त्याने रंगही उघडतो. बाटलीच्या तळाशी साचलेला यीस्टचा गाळ शेवटी फिरवून ओतायचा की तिथेच ठेवायचा, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. मात्र कोकमाच्या बिअरला तो बाटलीतच राहू द्या, नाहीतर लाल रंगावर दुधाळ साय येते.